भोसरीचा गाळा की चाकणची नोकरी : एका मशीन शॉपचे प्रकरण

पिंपरी-चिंचवडमधील भोसरी औद्योगिक वसाहतीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. एरवी मशीनच्या आवाजात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही अशा १,२०० चौरस फुटांच्या एका भाड्याच्या गाळ्यात, मे २०२४ मधल्या अशाच एका गुरुवारी, या प्रकरणातील गाळामालकांशी माझे पहिले निवांत बोलणे झाले. लहान कारखान्यांचे हिशेब पाहणे हे माझे काम आहे. येथे त्यांचे किंवा त्यांच्या ग्राहकांचे नाव दिलेले नाही, आणि आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात आणले आहेत.

मी पोहोचलो तेव्हा ते वापरलेल्या कार्बाइड इन्सर्टचा (मशीनवर धातू कापणाऱ्या, बदलता येणाऱ्या छोट्या पात्यांचा) ढीग समोर घेऊन भिंगातून एकेक कड तपासत होते. ज्या कडेत अजून थोडा जीव आहे तो इन्सर्ट प्लास्टिकच्या डबीत, बाकीचे किलोवर भंगारात जाणाऱ्या पिशवीत. टूलिंगचा, म्हणजे अशा कापणाऱ्या हत्यारांचा, खर्च महिन्याला ३४ हजार रुपये होता आणि या निवडीतून त्यातले दीड-दोन हजार वाचत असतील. त्याच टेबलावर एक निळी फाइल होती. तिच्यात एकाच पार्टीकडे, म्हणजे ग्राहक कंपनीकडे, अडकलेली १० लाख ४० हजार रुपयांची बिले होती. ती फाइल त्यांनी मला दाखवली नाही. त्यांच्या पत्नीने दाखवली.

पार्श्वभूमी

मालक त्रेचाळीस वर्षांचे, मूळ सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातले. आयटीआयमधून टर्नरचा कोर्स आणि त्यानंतरची अप्रेंटिसशिप पूर्ण करून २००३ मध्ये ते एका मोठ्या कंपनीत लागले. नऊ वर्षांनी, २०१२ मध्ये, नोकरी सोडून पीएफ आणि त्यासोबतची पेन्शनची रक्कम दोन्ही काढून घेतली आणि त्या पैशांतून जुना लेथ घेतला. २०१५ मध्ये पहिला सीएनसी (संगणकावर चालणारा) लेथ आला, २०१८ मध्ये दुसरा, तोही जुना, आणि २०२१ मध्ये ३० लाखांचे व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मशीनिंग सेंटर), ज्यासाठी बँकेकडून ११ टक्के व्याजाने पाच वर्षांचे २२ लाखांचे कर्ज काढले. काम सगळे जॉबवर्कचे : माल पार्टीचा, मशीन यांचे, मजुरी तासावर. चलने, बिले आणि जीएसटीचे काम पत्नी घरून पाहत होत्या.

प्रश्न उभा राहिला तो जुन्या कंपनीतल्या एका सहकाऱ्यामुळे. चाकणच्या एका वाहनसुट्याभागांच्या कारखान्यात उत्पादन पर्यवेक्षकाची जागा रिकामी होती. एकूण पगार महिना ४८ हजार, हातात सुमारे ४४,९००, आणि तीस दिवसांत रुजू होण्याची अट. वडिलांनी गावाहून फोनवर "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण ऐकवली. (ज्या माणसाने आयुष्यभर कोरडवाहू बाजरी पिकवली त्याने या म्हणीचा पहिला भाग इतक्या विश्वासाने सांगावा, याचे मला नवल वाटले.) मालकांचे स्वतःचे म्हणणे थोडक्यात असे होते, की धंदा नफ्यात आहे, फक्त पैसा फिरत नाही, आणि कर्ज संपेपर्यंतची दोन वर्षे कशीतरी काढली तर पुढे सगळे मोकळे आहे. या एका वाक्यात तीन दावे आहेत. ते तिन्ही आम्ही तपासले.

धंदा नफ्यात आहे का?

२०२३-२४ या वर्षाची महिन्याची सरासरी अशी होती. दोन लेथ मिळून ६२० तास, तासाला २८० रुपयांनी. व्हीएमसी ३३० तास, ४२० रुपयांनी. म्हणजे जीएसटी सोडून बिलिंग सुमारे ३ लाख १२ हजार. गाळ्याचे भाडे ३२ हजार, वीज ३६ हजार, चार ऑपरेटर व एक हेल्पर यांचे पगार ८२ हजार, टूलिंग, कूलंट व ऑइल ३४ हजार, टेम्पो ११ हजार, दुरुस्ती ९ हजार, रिजेक्शनच्या डेबिट नोटा (नाकारलेल्या मालापोटी पार्टीने बिलातून कापलेले पैसे) ७ हजार, किरकोळ ६ हजार. या सगळ्याची बेरीज २ लाख १७ हजार, आणि शिल्लक ९५ हजार. त्यातून मशीनचा हप्ता ४७,८०० आणि कॅश क्रेडिटचे (बँकेकडून खेळत्या भांडवलासाठी घेतलेल्या उचलीचे) व्याज ८,२५० गेले, की हातात ३९ हजारांच्या आसपास उरत. घरखर्च ४४ हजार होता. दरमहा पडणारी पाच हजारांची तूट कुठून भरली जात होती, याचे उत्तर पत्नीच्या गहाण ठेवलेल्या दागिन्यांत मिळाले. त्यावरचे कर्ज तोवर दोन लाखांवर गेले होते.

ताळेबंदात मात्र नफा दिसत होता, आणि तो खोटा नव्हता. एकल मालकीच्या धंद्यात मालकाचा स्वतःचा पगार खर्चात धरला जात नाही. जे उरते त्यालाच नफा म्हणतात. मालक दिवसाला बारा तास, महिन्याला ३१२ तास गाळ्यात असत. मी ३९ हजारांना ३१२ ने भागू लागलो, तेव्हा चहा घेऊन आलेल्या पत्नी म्हणाल्या, "तुमचे तास त्यांनी धरले, अहो, माझे कोण धरणार?" त्यांचे रोजचे साडेतीन तास धरल्यावर भाजक ४०३ झाला आणि तासाचा भाव ९७ रुपये निघाला. गाळ्यातल्या ऑपरेटरला १७,५०० रुपये पगारात आठ तासांच्या पाळीने तासाला ८४ रुपये पडत होते. कर्ज, जोखीम, रात्रीचे फोन आणि रिजेक्शनचा भुर्दंड या सगळ्याचा मोबदला तासाला तेरा रुपये होता, आणि तो दोघांच्या श्रमांत वाटला जात होता. चाकणच्या नोकरीत रोजचे दोन तास प्रवासाचे धरूनही तासाला १७० च्या वर रुपये पडत होते.

यावर मालकांचा एक आक्षेप रास्त होता. हप्त्यातले मोठे मुद्दल फिटत होते, म्हणजे ती त्यांची बचतच होती. गेल्या वर्षभरात मुद्दलापोटी सुमारे ४ लाख ३५ हजार गेले, म्हणजे महिन्याला ३६ हजार. परंतु ३० लाखांच्या व्हीएमसीला जुन्या मशीनच्या बाजारात तीन वर्षांनी १७ लाखांच्या आसपास भाव होता, म्हणजे किंमत उतरण्याचा वेगही महिन्याला ३६ हजारच निघाला. एका हाताने कर्ज कमी होत होते आणि दुसऱ्या हाताने मशीन तेवढेच स्वस्त होत होते. हा आकडा मांडल्यावर ते बराच वेळ व्हीएमसीकडे पाहत राहिले.

"अजून दोन वर्षे"

जून २०२६ मध्ये शेवटचा हप्ता जाणार होता. त्यानंतर महिन्याला ३९ ऐवजी ८७ हजार उरतील, हा या प्रकरणातला धंद्यातच थांबण्याच्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा होता, आणि मी स्वतःही सुरुवातीला त्याच बाजूला झुकलो होतो. म्हणून तो कागदावर मांडला. पगार आणि वीज मिळून खर्च १ लाख १८ हजार; तो वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला, तर दोन वर्षांत साडेचौदा हजारांची भर पडते. २०१५ चा लेथ तोपर्यंत अकरा वर्षांचा झालेला असेल आणि त्याचे मोजमाप आताच धरेनासे झाले होते. तो बदलायचा तर १५ लाखांचे कर्ज, म्हणजे ३२,६०० रुपयांचा नवा हप्ता. ८७ हजारांतून हे दोन्ही वजा केले, तर उरतात ३९ ते ४० हजार. फिरून तिथेच.

हा योगायोग नाही. मशीन शॉपमध्ये यंत्रे झिजतात, म्हणून कर्ज कधी संपत नाही, फक्त एका मशीनवरून दुसऱ्यावर जाते. ते झेपायचे तर तासाचा दर खर्चाबरोबर वाढावा लागतो. लेथचा दर २०१९ मध्ये २७० रुपये होता आणि २०२४ मध्ये २८०. पाच वर्षांत दहा रुपये. दर लेथला ३२० आणि व्हीएमसीला ४७० झाला असता, तर महिन्याला ४१ हजारांची भर पडून मालकांचे उत्पन्न दुपटीहून अधिक झाले असते आणि मी नोकरीचा विषय तिथेच मिटवा असे सांगितले असते. म्हणून माझा पहिला सल्ला होता, की चाकणला उत्तर देण्याआधी मुख्य पार्टीकडे लेखी दरवाढ मागावी. त्यांचे उत्तर हाच निर्णयाचा निम्मा भाग असेल. एकूण कामापैकी ७८ टक्के काम त्या एका पार्टीचे होते. दहा दिवसांनी उत्तर आले : लेथच्या तासाला पाच रुपये वाढ, व्हीएमसीचा दर आहे तोच. शहरातील तीन इतर कारखान्यांकडेही त्यांनी याच काळात कोटेशन दिले. दोघांना दर जास्त वाटला, एकाने नमुना करून घेतला आणि नंतर काही कळवले नाही.

मालकांच्या कामाचा दर्जा चांगला होता, हे मी येथे नोंदवून ठेवतो. सात हजारांच्या डेबिट नोटांपैकी बऱ्याचशा कास्टिंगमधल्या (पार्टीने दिलेल्या ओतीव भागांमधल्या) छिद्रांमुळे होत्या, ज्याला मशीनिंग करणारा जबाबदार नसतो. पण नोट फाडणारा मोठा आणि सोसणारा लहान असला, की छिद्र कोणाचे हा प्रश्न उरत नाही.

अडकलेले येणे

मुख्य पार्टीची बोलीची मुदत ९० दिवसांची होती आणि पैसे सरासरी ११५ दिवसांनी येत. बिलावरचा १२ टक्के जीएसटी मात्र पैसे येवोत न येवोत, पुढच्या महिन्यात भरावाच लागे. कॅश क्रेडिटमध्ये सतत ९ लाख वापरात असण्याचे कारण हेच होते. ८,२५० रुपयांचे ते व्याज खरे पाहता पार्टीच्या वतीने मालक भरत होते.

कायदा यांच्या बाजूने होता. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार करार काहीही असला तरी सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. त्या वेळी बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. शिवाय २०२३-२४ या वर्षापासून तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या (१९६१) कलम ४३बी(एच) मुळे, मुदतीत न दिलेली अशी देणी खरेदीदाराला प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. लहान उद्योजकांना यातून बळ मिळेल अशी अपेक्षा होती. या प्रकरणात घडले ते असे, की मार्च २०२४ मध्ये पार्टीच्या खरेदी विभागातून फोन आला आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द करता येईल का, अशी विचारणा झाली. मालकांनी ते टाळले, पण तक्रारही केली नाही. एकाच ग्राहकावर जगणाऱ्याने फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे) अर्ज करणे म्हणजे आपल्याच हाताने काम बंद करणे असते.

मात्र धंदा चालू असताना निरुपयोगी असलेला हा हक्क, धंदा सोडणाऱ्याच्या हातात खरा कामाचा ठरतो. ज्याला पुढचे काम नको आहे, त्याला काम थांबवण्याची धमकी देता येत नाही. बाहेर पडण्याचा विचार करणारे बहुतेक जण उलट चूक करतात : आधी जुने पैसे वसूल होऊ देत, मग बंद करू, असे म्हणत राहतात आणि प्रत्येक महिन्याला त्याच पार्टीकडे आणखी पावणेतीन लाखांचे काम उधारीवर घालतात.

बंद केले तर काय उरते, तेही मांडले. येणे ११.६ लाख, व्हीएमसी १७ लाख, दोन्ही लेथ ९ लाख, गाळ्याची अनामत दीड लाख, एकूण ३९.१ लाख. देणे : व्हीएमसीचे उरलेले कर्ज १०.२५ लाख, कॅश क्रेडिट ९ लाख, सोनेतारण २ लाख, टूलवाल्याची उधारी १.४ लाख आणि कामगारांची भरपाई सुमारे २ लाख, एकूण २४.६५ लाख. म्हणजे साडेचौदा लाख उरत होते, आणि मुख्य पार्टीने एक रुपयाही दिला नाही तरी चार लाख. निर्णयाला कलाटणी मिळाली ती या चार लाखांनी. एकल मालकीत धंद्याचे कर्ज आणि घराचे कर्ज असा भेद नसतो. शटर ओढल्याने हप्ता थांबत नाही. अगदी वाईट झाले तरी कर्ज पूर्ण फिटते, अशी स्थिती त्या महिन्यात होती. पार्टी आणखी सहा महिने रखडली असती किंवा व्हीएमसीचा स्पिंडल (मुख्य फिरता दांडा) गेला असता, तर ती राहिलीच असती असे नाही.

नोकरीकडेही डोळे मिटून पाहिले नाही. घरच्यांची समजूत होती, की नोकरी म्हणजे पेन्शन. मालकांनी २०१२ मध्ये पेन्शनची रक्कम काढून घेतल्यामुळे जुने सदस्यत्व संपले होते, आणि १ सप्टेंबर २०१४ नंतर १५ हजारांहून अधिक मूळ वेतनावर नव्याने सदस्य होणाऱ्याला कर्मचारी पेन्शन योजना लागू होत नाही. त्यांचे मूळ वेतन २४ हजार होते. पीएफ मात्र दोन्ही बाजूंनी मिळून महिन्याला ५,७६० जमा होणार होता. २०२३-२४ चा ८.२५ टक्के दर कायम धरला, तर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत सुमारे २० लाख. कुटुंबाला कंपनीचा आरोग्य विमा मिळणार होता, जो गेली बारा वर्षे नव्हता. दुसऱ्या बाजूने, सहा महिने प्रोबेशन आणि एका महिन्याच्या नोटिशीवर जाणारी ही जागा होती. तिला "पर्मनंट" म्हणत असले तरी तिच्या भरवशावर नवे कर्ज काढू नये, एवढे मी लेखी दिले.

बाहेर पडण्याचा क्रम

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी होकार कळवला आणि रुजू होण्यासाठी पंधरा दिवस वाढवून मागितले, ते मिळाले. त्यानंतरच्या गोष्टींत क्रमाला फार महत्त्व होते.

सर्वांत आधी कामगारांना सांगितले. पार्टीला आधी कळले असते तर दुसऱ्या दिवशी गाळ्यात कळलेच असते, आणि नऊ वर्षे सोबत असलेल्या ऑपरेटरने ते टेम्पोवाल्याकडून ऐकणे बरे नव्हते. दहापेक्षा कमी माणसे असल्याने ग्रॅच्युइटीचा कायदा लागू नव्हता, परंतु तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कारखाना बंद करताना सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागत होते. लहान गाळ्यांत हे सहसा दिले जात नाही. येथे दिले गेले, आणि त्यासाठी मला आग्रह धरावा लागला नाही.

मशीन विकण्याआधी जीएसटी नोंदणी रद्द करायची नाही, हे मात्र बजावून सांगावे लागले. नोंदणी चालू असताना कर लावलेल्या बिलावर विकले, तर नोंदणीकृत खरेदीदाराला त्या कराचे क्रेडिट (स्वतःच्या करातून वजावट) घेता येते आणि भाव टिकतो. आधी रद्द केली, तर हातात असलेल्या मशीनवरचे क्रेडिट स्वतःच्या खिशातून परत करण्याची वेळ येते. व्हीएमसी विकायला सात आठवडे लागले. तोपर्यंत मालक दिवसा चाकणला आणि रात्री भोसरीत असे राहत होते, नव्या कंपनीला तसे लेखी कळवून; नियुक्तिपत्रात दुसरा धंदा न करण्याची अट होती आणि ती पत्नीच्या नावाआड लपवण्याचा एका नातेवाइकाचा सल्ला आम्ही बाजूला ठेवला. भाव १६ लाख ६० हजार आला. पैसे थेट बँकेत गेले, कर्ज फिटले, उरलेल्यातून कॅश क्रेडिट बहुतेक उतरले.

मुख्य पार्टीला पत्र गेले ते ऑगस्टमध्ये, शेवटचा माल पोचवून चलनावर सही घेतल्यावर. त्यात धमकीचा एकही शब्द नव्हता. बिलांची यादी, प्रत्येकाची ४५ दिवसांची तारीख, त्यापुढचे २०.२५ टक्क्यांनी काढलेले व्याज, आणि व्याज सोडून मुद्दल दोन महिन्यांत मिळाल्यास विषय संपेल एवढेच. पाच वर्षांत ज्यांची अकाउंट्समध्ये भेट मिळत नव्हती, त्यांचा फोन चौथ्या दिवशी आला. डिसेंबरअखेर १० लाख ४० हजारांपैकी साडेआठ लाख मिळाले. सोने सुटले.

उरलेल्या १ लाख ९० हजारांवर पार्टीने जुन्या रिजेक्शनच्या नोटा लावल्या आहेत, त्याच कास्टिंगच्या छिद्रांच्या. कौन्सिलकडे अर्ज करावा असे पत्नीचे मत आहे, आणि कागदपत्रे पाहता माझेही. मालक थांबले आहेत, कारण दुसरा लेथ दलालाकडे गेला असला तरी पहिला त्यांच्याच जुन्या ऑपरेटरने मुद्रा कर्ज काढून साडेपाच लाखांना घेतला. वेळेवर पैसे देणाऱ्या लहान पार्ट्यांचे २२ टक्के काम त्याने धरावे आणि मुख्य पार्टीच्या वाटेला जाऊ नये, असे त्याला सांगितले होते. तीन महिने त्याने तसे केले. जानेवारीपासून त्याच्या लेथवर त्याच पार्टीचे काम चालू आहे, तासाला २८५ रुपयांनी. अर्ज दाखल झाला तर पहिला फटका त्याला बसेल, असे मालकांना वाटते. शेवटचे बिल ऑगस्ट २०२४ चे आहे. दाव्याची तीन वर्षांची मुदत धरली, तर ठरवायला त्यांच्याकडे २०२७ च्या मध्यापर्यंत वेळ आहे. निळी फाइल आता माझ्याकडे असते.